उतरती रेघ

डॉ. हर्षल निमसे यांचं वाईट व्हावं असं मला मनापासून वाटत होतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी मला साध्वी समजायला नको. आमचे पाळकसाहेब रविवारच्या उपासनेत क्षमेवर फार चांगलं बोलतात. मी पहिल्या बाकावर बसून मान डोलावते. पण त्या दिवसांत मान डोलावताना माझ्या डोळ्यांपुढे निमसे सर तोंडावर आपटलेले दिसायचे, आणि उपासना कधी संपली ते कळायचंसुद्धा नाही.

मी डॉ. रेबेका साळवे. माहेर श्रीरामपूरचं, सासर भिंगारचं. नगरच्या बाहेर (पाटीवर अहिल्यानगर झालं तरी आमच्या तोंडात अजून नगरच आहे) एक खासगी मेडिकल कॉलेज आणि त्याला जोडलेलं हॉस्पिटल आहे. तिथल्या बालरोग विभागात मी शिकवते आणि पेशंट बघते. निमसे सर त्या विभागाचे प्रमुख. बोलणं गोड, कपडे कडक इस्त्रीचे, आणि दुसऱ्याच्या ताटातलं उचलून खाताना हात जरासुद्धा थरथरायचा नाही.

गुरुवारी माझी एक वेगळी ओपीडी असायची. जन्मताना मेंदूला प्राणवायू कमी पडलेली मुलं तिथे यायची. या मुलांच्या पोटऱ्या इतक्या ताठ असतात की टाच जमिनीला टेकतच नाही. ती चवड्यांवर चालतात, धडपडतात, पडतात. त्यांच्या पोटरीत आम्ही बोट्युलिनम टॉक्सिन टोचतो. हे जगातल्या सगळ्यांत जहाल विषांपैकी एक. डबाबंद नासलेल्या अन्नात ते तयार होतं आणि धडधाकट माणसाला लुळं करून मारतं. पण तेच विष कणभर, नेमक्या जागी टोचलं की ताठलेला स्नायू सैल पडतो आणि काही महिने टाच खाली येते. तेवढ्या मुदतीत व्यायाम करून मुलाला पाय टाकायला शिकवायचं. असर ओसरला की पुन्हा टोचायचं. कुपी एकदा उघडली की त्याच दिवशी संपवावी लागते, म्हणून सगळ्या मुलांना गुरुवारीच बोलवायचं.

बाहेरच्या जगाला मात्र हे औषध माहीत आहे ते सुरकुत्या घालवणारं बोटॉक्स म्हणून. आमच्या संस्थेचे अध्यक्ष कल्याणराव यांनाही तेवढंच माहीत होतं. कल्याणराव मूळचे दूधवाले. चार म्हशींपासून सुरुवात करून त्यांनी मोठी डेअरी उभी केली आणि डेअरीनंतर कॉलेज. एकदा राऊंडला आले असताना त्यांनी मला विचारलं होतं, "मॅडम, हे नटीच्या तोंडाला टोचायचं औषिद लेकरांच्या पायाला कशापायी? लई महाग हाय म्हनं."

तोंडी सांगून त्यांना पटेना. तेव्हा मी ठरवलं की जगच त्यांच्यापुढे मांडायचं. या विषावर आजवर जगभरात जेवढे शोधनिबंध छापले गेले, त्यांची माहिती एका मोठ्या डेटाबेसमधून उतरवून घ्यायची आणि बघायचं, कोणत्या देशात किती, कोणत्या वर्षी किती, कोणत्या आजारावर किती. या अभ्यासाला उंदीर लागत नाही की परीक्षानळी लागत नाही. लागते ती चिकाटी. एकच पेपर दोनदा येतो, तो काढा. एकच लेखक तीन तऱ्हांनी नाव लिहितो, त्याला एक करा. डोळे चुरचुरायचे, मान धरायची. पण मला त्याची गोडी लागली. या विषाचे उपयोग कसे वाढत गेले ते दिसायचं: आधी तिरळे डोळे आणि मिटणाऱ्या पापण्या, मग वाकड्या झालेल्या माना, मग आमची ही चवड्यांवरची मुलं, मग सुरकुत्या, मग डोकेदुखी. एखाद्या घराण्याची वंशावळ वाचावी तसं मी ते वाचत गेले. आणि वर्षांच्या आलेखावरची रेघ वर वर चढत होती. ती बघून मला वाटायचं, आता कल्याणरावांना सांगते.

आता आमच्याकडची एक रीत सांगते. पेपरवर नावं लागतात ती लग्नपत्रिकेसारखी. सगळ्यांत वर घरातले थोर, मग मानाचे पाहुणे, आणि ज्याने मांडव घातला, भांडी घासली, तो खाली बारीक अक्षरांत, जागा उरली तर. विभागप्रमुखांचं नाव पहिलं, हे गृहीतच. मलाही ते मान्य होतं. मी दुसऱ्या नावावर समाधान मानलं होतं, यावरून मी किती गरीब गाय होते ते कळेल.

फेब्रुवारीत पुण्याच्या परिषदेची कार्यक्रमपत्रिका ईमेलवर आली. 'बोट्युलिनम टॉक्सिन संशोधनाचे जागतिक प्रवाह.' लेखक दोन. डॉ. हर्षल निमसे आणि डॉ. मोनिका. मोनिका म्हणजे कल्याणरावांची सून, त्वचारोगतज्ज्ञ. चांगली मुलगी आहे, पण या कामाशी तिचा संबंध एवढाच की ती चेहऱ्याला हेच औषध टोचते. मी खालपर्यंत पाहिलं. शेवटी 'विभागातील सर्व सहकाऱ्यांचे आभार' असं होतं.

मी तशीच सरांच्या खोलीत गेले.

"सर, माझं नाव कुठे आहे?"

"या, रेबेका मॅडम, बसा. चहा घेणार?"

"नाव कुठे आहे?"

"अहो, एवढं काय त्यात? दोनच नावं पाठवायची मर्यादा होती. पुढच्या पेपरला तुमचं घेऊ."

"हे काम माझं आहे. एकूण एक पेपर मी बघितलाय."

सर हसले. "बघितलंत, मान्य. पण नुसतं डाउनलोड करणं म्हणजे संशोधन नव्हे ना? ते कोणीही करतं. विचार विभागाचा असतो. आणि विभाग म्हणजे..." त्यांनी हात पसरले, पुढचं बोलायची गरज नव्हती. मग आवाज खाली आणून म्हणाले, "अध्यक्षांच्या घरचं नाव आहे त्यात. तुम्हाला इथे राहायचंय ना?"

आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा समोर बसला होता आणि वर मला चहा विचारत होता. मला तेव्हा रडू आलं असतं तर बरं झालं असतं. रडू आलं नाही. मी उठले आणि दार हळूच लावून बाहेर आले.

पुढच्या शनिवारी सरांनी विभागात भाषणाची रंगीत तालीम घेतली. आम्ही सगळे शिक्षक आणि विद्यार्थी सेमिनार हॉलमध्ये बसलो. पहिल्याच चित्राला माझ्या लक्षात आलं की ही माझी फायनल फाइल नाही. ती माझ्या लॅपटॉपवर होती, जानेवारीत नव्याने उतरवलेली. सरांनी विभागाच्या कॉम्प्युटरवरून उचलली होती ती गेल्या वर्षीच्या मार्चमधली. शोध नीट लागतोय का, हे बघायला मी ती तेव्हा करून ठेवली होती. म्हणजे तिच्यात गेल्या वर्षाचे जेमतेम अडीच महिने होते. वर्षातले बाकीचे पेपर तेव्हा छापायचेच होते.

या कामात पडलेला कोणीही पहिली गोष्ट ही शिकतो की अपुरं वर्ष आलेखातून काढून टाकायचं. नाहीतर रेघ चढत चढत येते आणि शेवटच्या वर्षी कड्यावरून पडते.

पडद्यावर ती तशीच पडली. सरांनी त्या जागी पॉइंटरचा लाल ठिपका फिरवला आणि म्हणाले, "हे बघा. गेल्या वर्षी आजारांवरचं संशोधन अक्षरशः कोसळलंय. एका वर्षात पाचवा हिस्सासुद्धा उरला नाही. याचा अर्थ काय? जगाने उपचारासाठी या औषधाकडे पाठ फिरवली आहे. उद्या त्याला स्थान राहील ते त्वचेच्या क्लिनिकमध्ये."

मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. "सर, तारीख बघा" एवढे तीनच शब्द होते. मग मला सरांचं ते 'नुसतं डाउनलोड' आठवलं, ते पसरलेले हात आठवले, आणि मी तोंड मिटलं. त्या क्षणी जे वाटलं ते सांगते. उन्हातून आल्यावर माठातलं पाणी प्यावं तसं वाटलं. पुण्यात देशभरातले तज्ज्ञ समोर बसणार, हा माणूस नाकाने कांदे सोलत हा लाल ठिपका फिरवणार, आणि मग मागच्या रांगेतून कोणीतरी उठून विचारणार, 'डॉक्टर, आपण डेटा कोणत्या तारखेला घेतला?' ते कोणीतरी मीच असणार होते. मी स्वतःच्या खर्चाने परिषदेला नाव नोंदवलं आणि कापड बाजारात जाऊन एक जांभळी साडी घेतली.

सॅम्युएलला, माझ्या नवऱ्याला, मी हे सगळं मोठ्या कौतुकाने सांगितलं. तो भिंगारला लष्कराच्या कार्यालयात नोकरीला आहे. शांत माणूस. म्हणाला, "अगं, सांगून टाक ना त्याला. कशाला डोक्यात ठेवून फिरतेस?"

"का सांगू? विचार त्याचा आहे ना? मग चूकही त्याचीच राहू दे."

"रेबेका, तुझ्या तोंडावर हसू आहे, पण ते चांगलं दिसत नाही."

मी त्या दिवशी त्याला संध्याकाळचा चहा दिला नाही.

मला वाटलं होतं, हा सगळा खेळ पुण्यात व्हायचा. निमसे सरांना तेवढा धीर कुठला? त्यांनी तोच आलेख संस्थेच्या बैठकीत मांडला. मोनिका मॅडमच्या त्वचेच्या क्लिनिकला जागा हवी होती, माझी गुरुवारची खोली मोठी आणि उजेडाची होती, आणि जगाने पाठ फिरवलेल्या औषधावर संस्थेने का खर्च करायचा? ठराव झाला. बुधवारी नोटीस लागली: बालरोग विभागातील बोट्युलिनम इंजेक्शनची ओपीडी पुढील आदेशापर्यंत बंद. नोटिसीखाली सही निमसे सरांची.

गुरुवारी अश्विनी आली. ती हिवरे बाजारच्या अलीकडच्या एका वस्तीवरची. तिची मुलगी आरती सहा वर्षांची, हसरी, फार बडबडी. आदल्या इंजेक्शनांनंतर आरतीची टाच पहिल्यांदा पूर्ण टेकली होती आणि ती भिंतीचा आधार सोडून चार पावलं चालली होती. ते बघून माझ्या ओपीडीतली नर्स रडली होती. आता असर ओसरायला लागला होता आणि हे इंजेक्शन वेळेवर होणं गरजेचं होतं.

"मॅडम, वॉचमन म्हनतो का इंजेक्शन बंद झालं. खरं हाय का?"

"हो. पण थोडे दिवसच. पुढच्या महिन्यात पुन्हा सुरू होईल, मी बघते."

"आवं पन तुमीच म्हनल्या हुत्या ना, उशीर केला तर पाय पुन्ना वर जाईल म्हनून? कालपासून सारखी चवड्यावर चालाया लागलीय."

"व्यायाम सोडू नकोस. रात्री पट्टी बांध. मी फोन करते तुला."

"तुमी म्हनता तर थांबते," अश्विनी म्हणाली, आणि आरतीला कडेवर घेऊन एसटी गाठायला निघाली. सहा वर्षांची मुलगी कडेवर.

मी तेव्हाच निमसे सरांच्या खोलीकडे गेले. जाऊन सगळं सांगायचं, फाइल द्यायची, ओपीडी सुरू करून घ्यायची, असं ठरवून गेले. दार अर्धं उघडं होतं. सर फोनवर कोणाला तरी सांगत होते, "अहो, कसली मदत? एकट्याने केलंय सगळं. डोळे गेले त्या कॉम्प्युटरपुढे. विभागात कोणाला काही येत नाही हो, सांगावं तरी किती!"

माझे पाय दारातच थांबले. आत गेले असते तर काय झालं असतं, ते मला दिसत होतं. सरांनी आलेख दुरुस्त केला असता, पुण्यात टाळ्या घेतल्या असत्या, आणि वर मला म्हणाले असते, बरं झालं तुम्ही टायपिंगची चूक दाखवलीत. परिषद महिन्यावर आली होती. महिन्याने काय होतंय, असं मी मनाला सांगितलं आणि परत फिरले.

घरी सॅम्युएल पहिल्यांदाच आवाज चढवून बोलला. "तो माणूस चुलीत जाऊ दे. पण त्या पोरीचं काय?" मी म्हणाले, पोरीचं मी बघीन. आणि बघितलं नाही. दर गुरुवारी अश्विनीचा फोन यायचा, मी पट्टी बांध म्हणायचे, आणि फोन ठेवल्यावर मला निमसे सरांचा आणखी राग यायचा. माझा राग चांगला धष्टपुष्ट झाला होता.

परिषदेच्या आदल्या आठवड्यात सरांचा सत्कार ठेवला गेला. आमच्या भागात माणूस काम करून यायच्या आधीच त्याला शाल, श्रीफळ आणि फेटा मिळतो. पुढे काम फसलं तर फेटा काही कोणी परत मागत नाही. कॉलेजच्या सभागृहात बॅनर लागला, त्यावर सर आणि मोनिका मॅडम हसत होते. कल्याणराव स्वतः आले. खुर्च्या भरल्या. सरांना गुलाबी फेटा बांधला आणि ते अध्यक्षांना आपला आलेख समजावून सांगायला उभे राहिले.

मी शेवटच्या रांगेत होते. पुण्यासाठी घेतलेल्या जांभळ्या साडीचा विचार करत होते. तेवढ्यात सभागृहाचं मागचं दार उघडलं आणि वॉचमन कुणाला तरी अडवत असल्याचा आवाज आला. अश्विनी होती. मला शोधत आली होती. तिच्यापुढे आरती, आईचं बोट धरून. दोन्ही टाचा हवेत, गुडघे आत वळलेले, ती चवड्यांवर ठुमकत तीन पावलं आली आणि फरशीवर पुढे पडली. तिच्या हनुवटीचा आवाज मला ऐकू आला. ती रडली नाही. पडायची तिला पुन्हा सवय झाली होती.

पडद्यावर लाल ठिपका उतरत्या रेघेवर फिरत होता. "जगाने पाठ फिरवली आहे," सर म्हणत होते.

मी उठले. पुणे गेलं, साडी गेली, मागच्या रांगेतला तो प्रश्न गेला. आरतीला मी उचललं आणि तिला घेऊनच मधल्या वाटेने पुढे चालत गेले.

"सर, हा डेटा कोणत्या तारखेला घेतला?"

सर गोंधळले. "रेबेका मॅडम, प्रश्नोत्तरं नंतर."

"तारीख सांगा फक्त."

"ते... सगळं आहे त्यात. तुम्ही त्या पेशंटला घेऊन बाहेर..."

"गेल्या वर्षी मार्चमध्ये घेतला. मी घेतला. मार्चच्या मध्यापर्यंतचाच आहे. उरलेल्या साडेनऊ महिन्यांचे पेपर त्यात येणार कुठून? रेघ पडणारच. त्वचेचीही रेघ काढा ना सर, तीही अशीच तोंडावर पडलेली दिसेल."

मोनिका मॅडमने झटकन सरांकडे पाहिलं. सभागृहात कुजबुज सुरू झाली. कल्याणराव खुर्चीत पुढे सरकले. "मॅडम, आमाला कळंल असं सांगा. काय भानगड हाय?"

मला त्या क्षणी कसं सुचलं कोण जाणे. म्हणाले, "अध्यक्ष, तुमच्या डेअरीला सकाळ-संध्याकाळ दूध येतं. एखाद्या माणसाने नुसतं सकाळचं दूध मोजलं आणि संध्याकाळच्या धारा निघायच्या आधीच पाटी लावली की आज दूध निम्मं झालं, म्हशी आटल्या. काय कराल?"

"त्याला संध्याकाळपोतर बी कामावर ठेवनार न्हाई," कल्याणराव म्हणाले.

कोणीतरी मागे हसलं. आणि मग त्याचा अर्थ अध्यक्षांच्या चेहऱ्यावर उतरताना मी पाहिला. ते सावकाश निमसे सरांकडे वळले.

"निमसे, असं झालंय का?"

"सर, त्याचं असं आहे, डेटाबेसच्या ज्या मर्यादा असतात..."

"व्हय का न्हाई?"

सरांचा फेटा किंचित कलला होता. "तारीख बघायची राहून गेली," ते म्हणाले.

"म्हंजी सकाळच्या दुधावर तुमी माझ्या म्हशी बाजारात काढल्या," कल्याणराव म्हणाले, आणि सगळं सभागृह हसलं. विद्यार्थी हसले, शिक्षक हसले, शाल आणलेला शिपाई हसला. हसू थांबेना. कल्याणराव हसले नाहीत. बैठकीत ठरावाच्या बाजूने त्यांनी स्वतःच हात वर केला होता, ते त्यांना आठवत असावं. हसणाऱ्या लोकांमध्ये गुलाबी फेट्यातला तो माणूस उभा होता आणि त्याला हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं. मला ते बघून गोड वाटलं. आजही वाटतं. खोटं कशाला बोलू?

अध्यक्षांनी तिथल्या तिथे सांगितलं, गुरुवारची ओपीडी सुरू. खोली मात्र सूनबाईंकडेच राहील, मॅडमला एक्स-रे शेजारची द्या. तेवढा त्यांनी घरचा हिशेब सांभाळला. दुसऱ्या दिवसापासून विद्यार्थी निमसे सरांना पाठीमागे 'सकाळचं दूध' म्हणायला लागले.

सत्कार उरकल्यावर सर मला जिन्यापाशी भेटले. फेटा काढून हातात धरला होता.

"तालमीच्या दिवशी तुम्ही समोर बसला होतात," ते म्हणाले. "तेव्हाच लक्षात आलं होतं तुमच्या?"

"हो."

"मला एकट्याला सांगितलं असतंत, तर मी त्याच दिवशी बदललं असतं. मग तो ठराव झालाच नसता."

"ठराव तुम्ही मांडलात."

"मांडला. मला वाटलं रेघ खरी आहे. सूनबाईंना खोली हवी होती, हेही खरं. पण मला चूक माहीत नव्हती, मॅडम. तुम्हाला माहीत होती. आणि पोरं तुमची होती."

या माणसाने माझं काम चोरलं होतं, तोंड वर करून मला नोकरीची भीती घातली होती, आणि आता तो जे बोलत होता त्यात खोट काढायला जागा नव्हती. याचा मला त्या चोरीपेक्षा जास्त संताप आला.

"बरोबर फाइल द्याल का?" त्यांनी विचारलं. "परिषद चार दिवसांवर आहे. तुमचं नाव पहिलं घालतो. लेखी देतो."

"नाही."

"मी जाऊन काय बोलू तिथे?"

"जाऊ नका."

ते गेले नाहीत. मीही गेले नाही. पुण्यातल्या माझ्या मैत्रिणीने तिथल्या फळ्याचा फोटो पाठवला, निमसे सरांच्या नावापुढे 'वक्ते अनुपस्थित' असं लिहिलेला. मी तो सॅम्युएलला दाखवायला गेले. त्याने वर्तमानपत्र खाली केलं नाही.

पुढच्या गुरुवारी एक्स-रे शेजारच्या त्या अंधाऱ्या खोलीत मी आरतीला टोचलं. पण पोटरी आता पूर्वीची राहिली नव्हती. वाट बघण्यात ती आखडली होती. काही दिवसांनी मी तळवा दाबून बघितला, टाच खाली येईना. नुसत्या इंजेक्शनने भागणार नव्हतं. दोन्ही पायांना गुडघ्याखाली प्लास्टर घालायचं, दर आठवड्याला काढून थोडा पाय खाली आणून पुन्हा घालायचं. वेळेवर टोचलं असतं तर यातलं काही लागलं नसतं.

मी प्लास्टरची पट्टी पाण्यात बुडवून तिच्या पायावर गुंडाळत होते. आरती टेबलावर आडवी पडून छताकडे बघत होती. नेहमीची बडबड नव्हती. पाय ताणला की ती ओठ आवळायची.

अश्विनी उशाशी उभी राहून तिच्या केसांतून हात फिरवत होती. म्हणाली, "मॅडम, तुमचे लई उपकार झाले. भर सभेत माझ्या पोरीला उचलून न्हेलं तुमी. साऱ्या मोठ्या मान्सांपुढं भांडल्या. कोन करतं हो आमच्यासाठी एवढं?"

मी पट्टी गुंडाळत राहिले.

"एक इचारू? ही ओपीडी बंद कोनी केली हुती?"

माझे हात थांबले. प्लास्टर ओलं होतं, थांबून चालत नाही, लगेच घट्ट होतं. मी पुन्हा गुंडाळायला लागले.

"निमसे सरांनी," मी म्हणाले.

"एकट्यानं?"

"हो. एकट्याने."

अश्विनीने पदर तोंडाला लावला आणि त्याला शिव्याशाप दिले, त्याला, त्याच्या बायकापोरांना, त्याच्या हातापायांना. माझ्या पोरीचे पाय त्याच्या पोरीला येऊ देत, असं म्हणाली. गावाकडची बाई तळतळून शाप देते तेव्हा आवाज मोठा नसतो, अगदी बारीक असतो. मी तो शेवटपर्यंत ऐकला. मग आरतीचा दुसरा पाय हातात घेतला आणि तिला म्हणाले, आता जरा दुखेल हं बाळा.